बटाट्याचा रक्तदाब

४ फेब्रुवारी

शंकू,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत नाही.

पाकीट बघून घाबरू नकोस, सगळे जिवंत आहेत. हाताने पत्र लिहायची पाळी फोनने आणली. तुझी मामी आणि मी मिळून जो एक फोन वापरतो, त्यावर आता आमच्याखेरीज सगळ्यांचा हक्क आहे. तुला दोन ओळी लिहायला घेतल्या की मध्येच एक बाई पोट कमी करायला सांगते. तिला घालवायची फुली तिळाएवढी, माझं बोट अंगठ्याएवढं. फुली चुकली की आपण थेट तिच्या दुकानात. परवा तुला ‘पोचलो’ एवढंच कळवायला गेलो आणि तीन अ‍ॅप घेऊन परत आलो.

सुरुवात टॉर्चने झाली. जिन्यातला दिवा गेला होता म्हणून फोनमध्ये एक टॉर्च घेतली. दिवा लावायचा आणि विझवायचा, याच्यापलीकडे टॉर्चला जगात काय काम असतं? तर तिने आधी विचारलं, तुमच्या ओळखीच्या माणसांची यादी बघू का? मग विचारलं, तुम्ही आत्ता कुठे आहात? अगं बाई, जिन्यात आहे, अंधारात आहे, म्हणून तर तुला बोलावली! त्यानंतर फोन मंद झाला. मग फोननेच सुचवलं की ‘झाडू’ नावाचं अ‍ॅप घ्या. घेतलं. झाडू म्हणतो, तुमच्याकडे फार कचरा आहे, तो काढायला आणखी एक अ‍ॅप घ्या. झाडूवाल्यानेच दारात टोपली उपडी करून वर ओरडावं, त्यातली गत.

एकतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून काढली मी. पारड्याखाली मेण लावणारे बघितले, लोहचुंबक चिकटवणारे बघितले, बोलता बोलता अंगठ्याने दांडी दाबणारे बघितले. पण त्या चोरांना निदान घाम तरी फुटायचा. हे तर फुगे सोडून ‘अभिनंदन’ म्हणतात.

तुझ्या मामीचं मात्र फोनशी छान जमलंय. तिने ‘धडधड’ नावाचं काहीतरी घेतलंय. सकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत बसते, कॅमेऱ्यावर बोट ठेवते, अर्धा मिनिट फोन लाल होतो. मग एक आकडा येतो, फुलं पडतात आणि टाळ्या वाजतात. मी म्हटलं, आपल्या लग्नातही तुला एवढ्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या. म्हणाली, “तुम्हाला त्यातलं काही कळत नाही.” असेल बुवा.

आता मुद्द्याचं. या सगळ्या मालाचं जे स्टोअर, त्यात तू तपासनीस. सातव्या वर्षी, तुझी आई गेल्यावर, तू आमच्याकडे राहायला आलीस तेव्हा नवी पेन्सिल दिली तरी आधी टोक काढून शिसं खरं आहे का बघायचीस. सारख्या शंका, म्हणून तर तुझं नाव शंकू पडलं. ती शंकू दारात बसलेली असताना ही घाण आत येते कशी? तू तिथे करतेस काय, झोपा काढतेस?

मामा

१३ फेब्रुवारी

मामा,

साष्टांग नमस्कार घालायची इच्छा होती, पण इथे दोन टेबलांमध्ये उभं राहायलाही जागा नाही. मान लववली आहे, चालवून घे.

पत्र मिळालं आणि फार हसले. पाण्याच्या मशीनशेजारी उभी राहून वाचलं. आमचे फोन सकाळी दारातच कपाटात बंद होतात, संध्याकाळी मिळतात. त्यामुळे जेवणाच्या पंचवीस मिनिटांत कागद-पेनच. तुला वाटेल मी कौतुकाने लिहितेय, पण हे आमच्या ऑफिसच्या संशयी स्वभावाचे उपकार आहेत.

झोपा काढते का म्हणतोस? ऐक. चौथा मजला, एक लांबलचक खोली, साठ टेबलं. माझ्यापुढे ट्रेमध्ये आठ फोन, सगळे वायरने बांधलेले, जनावरं दाव्याला असतात तसे. समोरच्या पडद्यावर अ‍ॅप येतं. ते उघडायचं, चार ठिकाणी बोट लावायचं, ठरवायचं. दिवसाला नव्वद. आमच्या पर्यवेक्षिकेला आम्ही घड्याळबाई म्हणतो. एका अ‍ॅपला चार मिनिटांवर वेळ गेला की ती मागे येऊन उभी राहते. बोलत नाही, नुसता श्वास घेते.

आणि माल काय येतो! आज सकाळी एकाच माणसाच्या अकरा टॉर्च. निळी टॉर्च, गुलाबी टॉर्च, ‘आजोबांसाठी टॉर्च’. आत सगळं तेच. एकाने कॅल्क्युलेटर पाठवला, बेरीज केली की उत्तराआधी जाहिरात. दोन आणि दोन चार हे कळायला तीस सेकंद थांबा! एक अ‍ॅप फोटो बघून सांगतं की तुम्ही किती हुशार आहात. मी भिंतीचा फोटो दाखवला. भिंत माझ्यापेक्षा हुशार निघाली. खाली पाच-पाच तारे देणारे शंभर लोक, सगळ्यांचं म्हणणं एकच, ‘खूप छान, आयुष्य बदललं’, आणि सगळ्यांची शुद्धलेखनाची चूकही एकच.

तू म्हणशील, मग फेकून दे. फेकायला तांबडं बटण आहे. ते दाबलं की अकरा रकाने उघडतात. कुठला नियम, कुठलं कलम, पुरावा काय, चित्र जोड. ते भरेपर्यंत घड्याळबाईचा श्वास मानेवर. आणि हिरवं दाबलं की काही नाही, पुढचं अ‍ॅप. सांग बरं, माणूस कुठलं दाबेल? शिवाय हाकललेलं अ‍ॅप दुसऱ्या दिवशी नवं नाव लावून रांगेत हजर. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तसा कारभार आहे. फरक इतकाच की इथे आंधळ्याला दळण्याचा वेगही वाढवायला सांगतात.

तरी मी बरीच फेकते हो. माझा क्रमांक चारशे बारा. ज्याला मी हिरवं देते त्याच्या नोंदीत चारशे बारा कायमचं उमटतं, तुझ्या वजनांवर तुझा शिक्का असायचा तसं. म्हणून जरा जपून.

मामीच्या धडधडचं मनावर घेऊ नकोस. तसली दोनशे असतील, सगळी एका माळेचे मणी. खाली मुंगीच्या अक्षरात ‘केवळ मनोरंजनासाठी’ लिहिलेलं असतं, ते लिहिलं की नियमात बसतं. खेळू दे तिला. तेवढीच टाळ्यांची हौस.

तुझी शंकू

२६ फेब्रुवारी

शंकू,

हे पत्र हसत वाचू नकोस.

तुझं ‘एका माळेचे मणी’ वाचलं आणि माझा जुना किडा वळवळला. म्हटलं, मणी तपासून तर बघू. मामी आंघोळीला गेली होती. नवा काटा समोर आला की मी काय करायचो, तुला आठवत असेल. आधी रिकामं पारडं. मग हलकं वजन, मग जड, मग कोपऱ्यावर ठेवून. तर रिकामं पारडं म्हणून मी कॅमेऱ्यावर एक बटाटा ठेवला.

बटाट्याचा रक्तदाब ११८/७६. फुलं पडली, टाळ्या वाजल्या. ‘उत्तम! असेच हसत राहा!’

मग टेबलाचा पाय. १२१/७८. टेबलालाही हसत राहायला सांगितलं. माझ्या चपलेचा तळ, ११९/७७. आमच्या घरात एकही आजारी वस्तू नाही, शंकू. मग मी स्वतःचं बोट ठेवलं. माझा वरचा आकडा गेली दहा वर्षं दीडशेच्या खाली आलेला नाही. तिथे मी आणि बटाटा सारखेच.

हसत हसत मामीला दाखवलं. ती हसली नाही. पांढरी पडली. मी विचारलं, काय झालं? काही नाही म्हणाली. म्हणून मी तिचा औषधाचा खण उघडला.

नोव्हेंबरपासूनच्या गोळ्या, शंकू. दर महिन्याला मी औषधांच्या दुकानातून आणून तिच्या खणात ठेवायचो, ती दर महिन्याला तशीच मागे सारायची. एक पाकीट फोडलेलं नाही. म्हणाली, “आकडा रोज बरोबर येतो, मग गोळ्या कशाला? त्याने पाय सुजतात.” कोणी सांगितलं हे खरं असतं म्हणून, असं विचारलं तर तोंड मिटून बसली. दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा आवाज चढवून विचारलं. मूग गिळले ते गिळले. जगाचे काटे तपासत फिरलो आणि घरातला एक खण उघडून बघितला नाही, ही माझी अक्कल.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेली. १९६/११२. डॉक्टर तिच्यावर नाही, माझ्यावर ओरडले. बरोबरच आहे. गोळ्या पुन्हा सुरू केल्यात. चार महिन्यांत आत काय झिजलं असेल ते सांगता येत नाही म्हणाले.

तुमच्या स्टोअरकडे तक्रार केली. अर्ध्या मिनिटात उत्तर, ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’. खाली पाच तारे, आमची मदत कशी वाटली? मी एक तारा दिला, तर विचारतात, आणखी चांगलं होण्यासाठी काय करता येईल? लाज बाळगता येईल, असं लिहिलं. अक्षरं जास्त झाली म्हणून घेतलं नाही.

तेव्हा दोन कामं. एक, ते धडधड तिथून काढ. दोन, शिक्का कोणाचा ते बघ. खोटं वजन पकडलं की आम्ही दुकानदाराला सोडत नव्हतोच, पण आधी बघायचो त्यावर शिक्का कुठल्या निरीक्षकाचा आहे. दुकानदार चोर असतो, ते त्याचं पोट आहे. निरीक्षक कशासाठी असतो? कुठल्या गाढवाने बटाट्याला निरोगी म्हणून सोडलं, ते मला कळलं पाहिजे.

मामा

५ मार्च

मामा,

मामी कशी आहे? गोळ्या घेते ना? समोर बसून दे. मीठ कमी कर. चालताना तोल जातो का, बोलताना जीभ जड होते का, याच्यावर लक्ष ठेव. आणि तो बटाटा धुतलेला होता का? हे गमतीने विचारतेय. जमली नाही गंमत, कळतंय मला.

धडधड काढलं. मी स्वतः अकराच्या अकरा रकाने भरले. तुझ्या बटाट्याचा प्रयोग इथे करून त्याचं चित्र जोडलं. दोन दिवसांनी गेलं. तिसऱ्या दिवशी ‘धकधक’ म्हणून तेच परत रांगेत. फुलांऐवजी फुलपाखरं. बनवणाऱ्याने पत्त्यात नुसता एक ठिपका दिलाय. ठिपका! आणि आमच्या नियमात ठिपका चालतो, रकाना रिकामा नसला म्हणजे झालं. त्यालाही हाकललं. उद्या ‘ठोकठोक’ येईल, तोही हाकलू. तशी आणखी एकोणीस शोधून काढली आहेत.

कोणी पास केलं ते मात्र कळायला मार्ग नाही. आम्हाला ते दिसत नाही. बरंचसं यंत्रच परस्पर सोडतं, माणूस बघतच नाही. तेव्हा तो नाद सोड. झालं ते झालं, मामीकडे बघ.

घाईत आहे.

शंकू

११ एप्रिल

शंकू,

काल मामीला घरी आणली. तुला फोनवर सांगितलंच आहे, पण फोनवर जे बोलता येत नाही ते लिहितो.

वीस मार्चला सकाळी तिच्या हातातून कप पडला. मी पेपरातून मान वर न करता म्हटलं, “जरा बघून!” तिने उत्तर दिलं नाही. बघतो तर तोंड एका बाजूला ओढलेलं. पुढचं तुला माहीत आहे. तू आलीस, नऊ दिवस हॉस्पिटलच्या त्या लोखंडी बाकावर बसलीस, तिचे केस विंचरलेस, तिला भरवलंस. पोटच्या मुलीने केलं नसतं इतकं केलंस, हे मी कोणापुढेही सांगेन.

उजवा हात अजून नुसता लोंबतो. पायात थोडं बळ आलंय, धरून चालते. शब्द सापडतात पण उशिरा. फिजिओथेरपी करणारी बाई रोज येते, खमकी आहे. मामी तिच्यावर चिडते, हे चांगलं लक्षण आहे म्हणे. डॉक्टर स्पष्टच बोलले, गोळ्या थांबल्या नसत्या तर बहुतेक हे झालं नसतं.

आता दुसरी गोष्ट. नऊ दिवसांत तू माझ्याकडे एकदाही सरळ बघितलं नाहीस. मी दुकानात शिरलो की प्रामाणिक दुकानदार माझ्याकडे बघायचा आणि काटा मारणारा काट्याकडे बघायचा. तू सलाइनच्या बाटलीकडे बघत होतीस. तेव्हा वाटलं, दुःख आहे. घरी येऊन तुझी पत्रं पुन्हा काढली.

पाच मार्चला लिहितेस, कोणी पास केलं ते दिसत नाही. तेरा फेब्रुवारीला लिहिलंस, हिरवं देणाऱ्याचा क्रमांक नोंदीत कायमचा उमटतो. दोन्ही तुझंच अक्षर. यातलं एक खोटं आहे, आणि आधी लिहिलेलं सहसा खोटं नसतं.

तू कोणाला तरी झाकते आहेस. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण असेल, ती घड्याळबाई असेल. झाकू नकोस. ज्याने कोणी हे केलं त्याला मला एक पत्र लिहायचंय. शिव्या देणार नाही, वय झालं. फक्त सकाळी उठल्यापासून ब्लाउजचं एक बटण लावेपर्यंत मामीला किती वेळ लागतो, ते सांगायचंय. त्यांना मिनिटं मोजायची सवय आहे ना, तर मिनिटांतच सांगेन.

क्रमांक कळव.

मामा

२० एप्रिल

मामा,

चारशे बारा.

गेल्या वर्षी सतरा ऑक्टोबरला, जेवणानंतरचं सहावं अ‍ॅप. तीन मिनिटं दहा सेकंद लागली असं नोंदीत आहे. मला आठवतही नव्हतं. तुझं बटाट्याचं पत्र आलं त्या दिवशी, एक मार्चला, मी नोंद उघडली तेव्हा कळलं. चार दिवसांनी तुला खोटं लिहिलं.

मी काय केलं ते सगळं सांगते, म्हणजे तुला विचारावं लागणार नाही. अ‍ॅप उघडलं. बोट ठेवलं. माझंच. ११८/७६ आलं. दोनच आठवड्यांपूर्वी ऑफिसच्या तपासणीत नर्सने माझं घेतलं होतं, तेही ११८/७६ होतं. मला गंमत वाटली, अरे वा, हे एक तरी खरं निघालं! दिवसभर फसवी टॉर्च, फसवे झाडू, हुशार भिंती बघून माणूस किती भुकेला होतो बघ. एक आकडा जुळला तर आनंद झाला. खालचं ‘केवळ मनोरंजनासाठी’ दिसलं, म्हणजे डॉक्टरांच्या विभागाकडे पाठवायची गरज नाही. हिरवं दाबलं. मग सातवं अ‍ॅप.

तुला पत्रांतून जी मी टॉर्चवाल्यांची टर उडवून दाखवत होते, ती कोणत्या तोंडाने, हे आता मलाच कळत नाही. ते भंगार विकतात आणि तसे दिसतातही. मी चौथ्या मजल्यावर बसून त्याच्यावर ‘तपासलेलं’ अशी मोहोर मारते. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि वर कुंपण मामाला शेतातल्या उंदरांचे विनोद सांगत होतं.

हॉस्पिटलमधून परत आल्यावर घड्याळबाईकडे गेले. म्हटलं, माझ्या नावावर चूक नोंदवा. तिने संगणकात बघितलं आणि म्हणाली, “नियमात बसत होतं की. मग चूक कसली? उगाच लिहून ठेवू नकोस, आपल्या सगळ्या गटाचा आकडा खाली येतो.” मी लिहून दिलं. तिने ते घेतलं आणि कुठल्यातरी फोल्डरमध्ये टाकलं. त्या फोल्डरचं नाव ‘अभिप्राय’ आहे. आमच्यासाठी मोलाचा.

आता मला दिवसाला नव्वद होत नाहीत. पस्तीस होतात. तब्येतीचं कुठलंही अ‍ॅप आलं की मी आधी पाण्याची बाटली ठेवते, खोडरबर ठेवते, मग बोट. दोन ताकीदपत्रं आली आहेत. नोकरी सोडावीशी वाटते.

तुला ज्याला पत्र लिहायचं होतं त्याचा पत्ता तुझ्याकडे आहेच. लिही. बटणाची मिनिटं लिही. मामीला सांगायचं की नाही ते तू ठरव. तू सांगितलंस तर मी समोर येऊन उभी राहीन. नाही सांगितलंस तर तिच्यासमोर कशी येऊ ते कळत नाही.

शंकू

३० एप्रिल

शंकू,

आठ दिवस पत्र टेबलावर होतं.

दुसऱ्या कोणी ही चूक केली असती तर गाढव म्हणून मोकळा झालो असतो. पण रिकामं पारडं आधी बघायचं, हे तुला मी आठव्या वर्षी शिकवलं होतं. बाजारात माझ्या मागे हिंडायचीस आणि माझ्याआधी ओरडायचीस, मामा, रिकामा काटा! बंद पडलेला काटाही एखाद्या वजनाला बरोबर असतो. तू नेमकं तेच वजन ठेवलंस, तेही स्वतःचं, आणि खूश झालीस. स्वतःवरून जग मोजणारी माणसं मी खूप बघितली. त्यात तू निघशील असं वाटलं नव्हतं.

राग आहे. जाईल की नाही ते माहीत नाही. क्षमा वगैरे मोठे शब्द आत्ता माझ्याजवळ नाहीत, उगाच उसने आणत नाही. पण खोटं बोललीस त्याचा राग चुकीपेक्षा जास्त आहे, आणि खरं लिहिलंस म्हणून त्यातला थोडा उतरला, हेही खरं.

नोकरी सोडू नकोस. सोडून जायला काय लागतं? तिथे बस आणि अकरा रकाने भर. काढतील तेव्हा काढतील. पस्तीस तर पस्तीस.

बटणाला चौदा मिनिटं लागतात. तुला सांगितलं.

मामीला मी काही सांगितलेलं नाही. तिने विचारलं तर खोटं बोलणार नाही. सोबत तिची चिठ्ठी आहे. फिजिओवाल्या बाईने डाव्या हाताने रोज चार ओळी लिहायला सांगितल्यात, तर म्हणाली, रिकाम्या रेघोट्या कशाला ओढू, शंकूला लिहिते. पाच दिवस लिहीत होती. मी जवळ गेलो की हाताने झाकायची. मी वाचलेली नाही, तिनेच घडी घालून दिली आहे.

मामा

(सोबतची चिठ्ठी)

शंकू बाळा,

डावा हात आहे. अक्षर बघून हसू नको.

मी बरी आहे. ती बाई फार छळते. काल खिडकीपर्यंत एकटी गेले. हे मागे हात पसरून चालत होते, जसं काही मी कप आहे.

एक तुलाच सांगते. ह्यांना सांगू नको. हे सारखे विचारतात, ते धडधड खरं असतं असं तुला कोणी सांगितलं. मी सांगत नाही. कोणी सांगितलं नव्हतं. तुझ्या दुकानातलं होतं म्हणून घेतलं. शेजारणीलाही म्हटलं, बिनधास्त घे, आमची पोरगी तिथे आहे, ती बघितल्याशिवाय काही सोडत नाही. हे कळलं तर तुला बोलतील. तुझा काय दोष. तू एकटी कुठे कुठे बघणार.

हॉस्पिटलात तू खूप रडलीस. मला बोलता येत नव्हतं. म्हणायचं होतं, रडू नको.

ह्यांनी फोन पुसून कोरा करून आणला आहे. आता त्यात काही नाही. रक्तदाबाचं चांगलं कुठलं असेल ते तू बघून कळव. तू सांगशील तेच घेईन.

तुझी मामी